पाणी नीट फिरत नाही अशा स्विमिंग पूलमध्ये शेवाळ धरू नये म्हणून काय करायचं

पूलचं पाणी वरून निळंशार दिसतंय, टेस्ट किटवर क्लोरीन बरोबर येतंय, पीएच पण ठीक, आणि तरी दर थोड्या दिवसांनी पायऱ्यांच्या कोपऱ्यात नाहीतर शिडीच्या मागे हिरवट बुळबुळीत थर धरतोच, असं ज्यांचं होतं त्यांच्यासाठी हे लिहितोय. बहुतेक जण अशा वेळी काय करतात तर अजून एक डबा अल्जीसाइड (शेवाळ मारायचं औषध) आणून ओततात, मग चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच, आणि तेही त्याच कोपऱ्यात. आता शेवाळ सगळीकडे न येता ठरलेल्या जागीच येत असेल तर औषध कमी पडतंय असं समजू नका, औषध तिथे पोचतच नाहीये. रोग रेड्याला अन् औषध पखालीला, तसला प्रकार.

होतं काय, की क्लोरीन सारखं खर्च होत असतं. ऊन खातं, घाम-तेल-पानं खातात, भिंतीवरचा चिकट थर खातो. जिथे पाणी फिरतंय तिथे खर्च झालेल्याच्या जागी नवीन क्लोरीनवालं पाणी येत राहतं, जिथे फिरत नाही तिथे होतं तेवढं संपलं की संपलं. मोठ्या खोलीत एकच पंखा जोरात फिरतोय पण कोपऱ्यात बसलेल्याला वाराच लागत नाही, तसं. त्यामुळे तुमच्या पूलमध्ये क्लोरीन किती या प्रश्नाला एक आकडा हे उत्तरच नाही, सगळ्यात वाईट कोपऱ्यात किती हे खरं उत्तर, आणि शेवाळाला तेवढा एक कोपरा पुरतो. शेवाळाचे कण वाऱ्याने, पावसाने, लोकांच्या कपड्यांवरून येतच राहणार, ते थांबवता येत नाहीत. ऊन आहे, गरम पाणी आहे, थोडं नायट्रेट-फॉस्फेट आहे, फक्त क्लोरीन नसलेली जागा त्यांना मिळाली नाही पाहिजे, एवढंच आपल्या हातात आहे.

आधी डेड स्पॉट, म्हणजे पाणी न हलणाऱ्या जागा, शोधा

अंदाजाने नको, बघून शोधा. सगळ्यात सोपी खूण म्हणजे तळावरची बारीक माती. रात्रभर पंप चालू ठेवा आणि सकाळी कोणी पाण्यात उतरायच्या आधी काठाने एक चक्कर मारा, माती जिथे पट्टा धरून बसलीय तिथे पाणी मंद आहे, कारण जोरात वाहणाऱ्या पाण्यात बारीक गाळ खाली बसत नाही. वर तरंगणाऱ्या पानांकडे पण बघा, ती एकाच जागी गोल गोल फिरत बसली असतील आणि स्किमरकडे (वरचं पाणी आणि कचरा ओढणाऱ्या भिंतीतल्या तोंडाकडे) जातच नसतील तर तिथेही गडबड आहे.

यापेक्षा पक्कं बघायचं असेल तर खायच्या रंगाने बघता येतं. ड्रॉपरमध्ये थोडा रंग घ्या, पंप चालू, पाण्यात कोणी नाही, आणि पायरीच्या आतल्या कोपऱ्यात हात कोपरापर्यंत घालून भिंतीपासून बोटभर अंतरावर हळूच दोन-चार थेंब सोडा. हात लगेच बाहेर ओढू नका, नाहीतर तुमच्या हातानेच पाणी ढवळतं आणि काही कळत नाही. जिथे पाणी फिरतंय तिथे रंगाचा धागा होतो, एका बाजूला ताणला जातो आणि बघता बघता दिसेनासा होतो. जिथे फिरत नाही तिथे रंगाचा गोळा तसाच लटकून राहतो, जरासा फुगतो, हळूहळू खाली जातो, तुम्ही बघून कंटाळता पण तो काही तिथून हलत नाही. अशी जागा सापडली की काठावर खडूने खूण करा. रंगाने पूल खराब होईल ही भीती नको, एवढ्या थेंबांचा रंग क्लोरीनच उडवून टाकतं.

नेहमीचे संशयित सांगून ठेवतो म्हणजे सुरुवात कुठून करायची ते कळेल: पायऱ्यांचे आतले कोपरे, शिडीच्या मागची भिंत, पाण्यातल्या दिव्याच्या मागची खोबण, पाण्यात बसायचा कट्टा, खोल बाजूची जी भिंत कुठल्याच नोझलच्या (स्वच्छ पाणी परत सोडणाऱ्या तोंडाच्या) समोर नाही ती, आणि एल आकाराच्या पूलमध्ये आतला कोपरा.

मग टेस्ट दोन जागी करा. पाणी वरून नाही घ्यायचं, हात कोपरापर्यंत खाली घालून साधारण ४५ सेंटीमीटरवरून घ्यायचं आणि नोझलच्या तोंडासमोरून तर अजिबात नाही. एक नमुना नेहमीच्या जागेचा, दुसरा खडूच्या खुणेजवळचा. नेहमीच्या जागी फ्री क्लोरीन (अजून काम करू शकणारं) ४ पीपीएम (दहा लाख भागांत ४ भाग) आणि कोपऱ्यात १ असं काही आलं तर तुमचं दुखणं तिथेच सापडलं. फक्त किट नीट वापरा, जे पिवळा रंग देतं ते स्वस्तातलं किट टोटल क्लोरीन दाखवतं, त्यात वापरून झालेलं निकामी क्लोरीन पण धरलेलं असतं, गुलाबी रंग देणारं डीपीडीवालं घ्या, त्यात फ्री क्लोरीन वेगळं कळतं.

नोझल फिरवा, फुकट काम आहे

भिंतीतून स्वच्छ पाणी परत पूलमध्ये येतं तिथे रिटर्नची नोझल असते, आणि त्यात डोळ्यासारखा एक गोळा असतो जो कुठल्याही दिशेला वळवता येतो. बाहेरची रिंग हाताने थोडी सैल करायची, गोळा हवा तसा वळवायचा, रिंग परत आवळायची. हे कित्येकांना माहीतच नसतं, पूल बसवणाऱ्याने ज्या दिशेला ठेवली त्याच दिशेला नोझल वर्षानुवर्षं असते.

बऱ्याच ठिकाणी ती सरळ समोर किंवा वर तोंड करून असते, वर पाणी मस्त खळखळताना दिसतं म्हणून वाटतं की काय जोरात फिरतंय, पण फिरतंय ते फक्त वरचं वीतभर पाणी, खाली सगळं शांत. शिवाय पाणी असं वर खळखळत राहिलं की त्यातला कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच चढत राहतो, म्हणजे ॲसिडचा खर्च वेगळाच. तर तोंड खाली वळवा, साधारण ४५ अंश, आणि एका बाजूला. सगळ्या नोझल एकाच बाजूला ठेवा. एक इकडे एक तिकडे अशा ठेवल्या तर प्रवाह एकमेकांना मारतात आणि मधे परत साचलेलं पाणी. सगळ्या एका दिशेला ठेवल्या की पूर्ण पूल हळूहळू गोल फिरायला लागतो, आणि फिरत फिरत वरचा कचरा स्किमरच्या तोंडाशी आला पाहिजे, येत नसेल तर उलट दिशा करून बघा. दिशा कुठली याला काही नियम नाही, तुमच्याकडे वारा बहुतेक वेळ ज्या बाजूने स्किमरकडे वाहतो त्याच्या विरुद्ध नको एवढं बघा.

पायऱ्यांजवळ नोझल असेल तर ती एक या गोल फिरण्यातून वगळा आणि सरळ पायऱ्यांच्या कोपऱ्यावर मारा. एल आकाराच्या किंवा वेड्यावाकड्या पूलमध्ये एकच मोठं वर्तुळ होत नाही, तिथे दोन भाग समजून नोझल वाटून घ्या.

अजून एक. पंपाला जवळची नोझल जोरात आणि शेवटची अगदी मरगळलेली, असं पुष्कळ ठिकाणी असतं. जवळच्या नोझलमध्ये लहान भोकाचा गोळा टाका आणि लांबच्यात मोठ्या भोकाचा, म्हणजे पाणी लांबपर्यंत ढकललं जातं. हे गोळे वेगवेगळ्या मापात मिळतात. पण सगळ्याच नोझल लहान भोकाच्या केल्या तर पाइपात प्रेशर वाढतं आणि एकूण पाणीच कमी फिरतं, त्यामुळे हात आखडता ठेवा. बदल केल्यावर परत रंगाचे थेंब टाकून बघा, म्हणजे खरंच फरक पडला की आपल्याला नुसतं वाटतंय ते कळेल.

आता ओढणारी बाजू. पंप फक्त स्किमरमधून ओढत असेल तर वरचं पाणी फिल्टर होऊन परत वरच येतं आणि खोल बाजूचं तळाचं थंड पाणी तसंच पडून राहतं. तळाला मेन ड्रेन (तळाचं पाणी ओढणारं तोंड) असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बंद आहे का ते आधी बघा, कित्येकदा कोणीतरी कधीतरी बंद केलेला असतो आणि विसरून गेलेला असतो. थोडा स्किमर थोडा ड्रेन असं ठेवा. ड्रेनवरची जाळी मात्र धड असलीच पाहिजे, तुटलेली, सैल किंवा गायब असेल तर पूल बंद ठेवा, त्या ओढीत केस किंवा हातपाय अडकून माणसं दगावलेली आहेत, हा विषय हलक्यात घ्यायचा नाही.

मेन ड्रेन नाहीच किंवा जाम आहे? मग एक जुगाड आहे. व्हॅक्यूमचा पाइप स्किमरला लावायचा आणि व्हॅक्यूमचं हेड खोल बाजूला तळाशी ठेवून द्यायचं, पंप चालू. पंप आता खालचं पाणी ओढतो आणि नोझलमधून वर सोडतो. हे फक्त पूल रिकामा असताना, पोहायच्या वेळेआधी पाइप काढून ठेवायचा, आणि पाइप लावताना त्यात आधी पाणी भरून हवा काढायची, नाहीतर पंप हवा ओढतो.

पंप आणि फिल्टर

नोझल लाख वळवाल, पण मुळात पंपातून पाणीच कमी येत असेल तर काय फायदा. फिल्टरवरचं प्रेशर गेज बघायची सवय लावा. फिल्टर ताजा धुतलेला असताना काटा कुठे असतो तो आकडा मार्करने फिल्टरवरच लिहून ठेवा. त्यापेक्षा काटा ८ ते १० पीएसआय वर गेला की फिल्टर तुंबलाय, वाळूचा असेल तर बॅकवॉश (उलट्या दिशेने पाणी सोडून धुणं), कार्ट्रिजचा असेल तर काढून पाण्याच्या फवाऱ्याने धुवा. उलट काटा नेहमीपेक्षा खाली असेल आणि नोझलमधून पण पाणी कमी येत असेल तर अडचण पंपाच्या आधी आहे: स्किमरची बास्केट पानांनी भरलीय, पंपाची जाळी भरलीय, पूलमधलं पाणी स्किमरच्या तोंडाच्या अर्ध्याच्या खाली गेलंय, नाहीतर कुठून तरी हवा ओढतोय. हवेची खूण म्हणजे नोझलमधून बुडबुडे आणि पंपाच्या पारदर्शक झाकणाखाली सतत फेस, त्यात बहुतेक वेळा झाकणाची रबरी रिंग वाळलेली किंवा तिच्यावर वाळूचा कण बसलेला असतो, पुसून सिलिकॉनचं ग्रीस लावलं की काम होतं. सगळं साफ असूनही काटा खालीच असेल तर पंप बंद करून, मेन स्विच काढून, आतला पंखा बघायला सांगा, केस-काड्या अडकलेल्या असतात.

वाळूच्या फिल्टरला उगाच रोज बॅकवॉश करू नका. थोडी मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले पकडते, नुसत्या धुतलेल्या वाळूतून ते निसटतात.

पंप किती तास, हा सगळ्यांचा आवडता प्रश्न. आधी पाणी किती ते काढा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी दीड मीटर खोल म्हणजे ७५ घनमीटर, म्हणजे ७५,००० लिटर. पंप तासाला खरोखर १०,००० लिटर देत असेल तर सगळं पाणी एकदा फिरायला साडेसात तास. इथे खरोखर हा शब्द महत्त्वाचा, पंपाच्या पाटीवरचा आकडा पाइप-फिल्टरच्या अडथळ्याशिवायचा असतो, प्रत्यक्षात कमीच येतं. खरं किती येतंय ते मोजायला एक युक्ती आहे, पुढच्या वेळी काही कारणाने पाणी बाहेर काढायचंच असेल तेव्हा करा: भिंतीवर पाण्याच्या रेषेला टेप चिकटवा, फिल्टरचा व्हॉल्व्ह वेस्टवर (पाणी सरळ बाहेर जातं तिथे) टाका आणि घड्याळ लावा. वर सांगितलेल्या पूलचा पृष्ठभाग ५० चौरस मीटर, म्हणजे पाणी १ सेंटीमीटर उतरलं की ५०० लिटर गेलं. तेवढं उतरायला ३ मिनिटं लागली तर तासाला १०,००० लिटर. वेस्टवर पाणी फिल्टरमधून जात नाही त्यामुळे रोजच्या वापरात याच्यापेक्षा जरा कमीच धरायचं, पण पाटीपेक्षा हा आकडा कितीतरी भरवशाचा.

आणि एकदा फिरलं म्हणजे सगळं पाणी फिल्टरमधून गेलं असंही नाही. साफ झालेलं पाणी परत त्याच पाण्यात मिसळतं, त्यातलंच काही पुन्हा फिल्टरकडे जातं. पाणी अगदी छान मिसळतंय असं धरलं तरी एका फेरीत ६३ टक्केच पाणी फिल्टरमधून गेलेलं असतं, दोन फेऱ्यांत ८६, तीन फेऱ्यांत ९५. आपल्याकडे तर पाणी मिसळत नाही म्हणूनच त्रास आहे, त्यामुळे रोज एक फेरी म्हणजे कमीत कमी समजा आणि उन्हाळ्यात दोनकडे जा. विजेचं बिल बघून छातीत धडधडत असेल तर कमी-जास्त स्पीडचा पंप बघा, स्पीड अर्धा केला की वीज साधारण आठव्या हिश्श्यावर येते, म्हणजे दुप्पट तास चालवूनही बिल कमीच. फक्त अगदी कमी स्पीडला नोझलचा जोर जातो आणि कोपरे परत साचतात, म्हणून दिवसातून काही वेळ तरी फुल स्पीड द्यायचा. तास एकाच दमात न देता सकाळ-संध्याकाळ वाटून दिले तर पाणी सलग खूप वेळ बसून राहत नाही, खराब सर्क्युलेशनच्या पूलला हे जास्त मानवतं.

ब्रश, ब्रश आणि ब्रश

नोझल, पंप सगळं करून पण एखादा कोपरा उरतोच. तिथे पाणी जात नाही तर तुम्ही ते न्यायचं. खडूच्या खुणा केलेल्या जागा आठवड्यातून दोनदा आणि बाकीच्या भिंती एकदा, हिरवं काही दिसत नसलं तरी. शेवाळ दिसायच्या आधी हाताला लागतं, पायरीवर तळपाय घसरला किंवा भिंतीवर बोट फिरवल्यावर बुळबुळीत लागलं की समजायचं तो थर बसायला लागलाय. या थराच्या आतपर्यंत क्लोरीन सहज जात नाही, ब्रशने तो फाटतो आणि मग क्लोरीन काम करतं. पंप चालू असतानाच घासायचं आणि वरून खाली, कोपऱ्यातून बाहेर, मेन ड्रेनच्या दिशेने ढकलत न्यायचं, म्हणजे सुटलेलं सगळं फिल्टरकडे जातं. सिमेंटच्या प्लास्टरला तारेचा ब्रश चालतो, लायनर (प्लास्टिकचं अस्तर), फायबर किंवा टाइल्सला फक्त नायलॉन, नाहीतर ओरखडे पडतात आणि त्या ओरखड्यांत शेवाळाला अजून छान घर मिळतं.

लोक पोहतात तेव्हाही पाणी मस्त ढवळलं जातं हे विसरू नका. ज्या पूलमध्ये रोज मुलं दंगा करतात तिथे डेड स्पॉट कमी त्रास देतात आणि महिनाभर बंद पडलेला पूल पटकन हिरवा होतो. रोबो क्लीनर असेल तर तो कचरा काढतोच पण फिरता फिरता तळाचं पाणीही हलवतो, म्हणून खुणेच्या बाजूला मुद्दाम सोडा. काही जण छोटा सबमर्सिबल पंप कोपऱ्यात टाकून पाणी ढकलतात, काम होतं, पण वीज आणि पाणी एकत्र आहे, त्यामुळे गळती होताच सप्लाय तोडणारा आरसीसीबी लावलेला असेल तरच, आणि पाण्यात माणूस असताना कधीच नाही, पाण्यात उतरायच्या आधी प्लग काढून पंप बाहेर.

क्लोरीन कसं आणि कुठे

क्लोरीनचा आकडा एकटा बघू नका, सोबत स्टॅबिलायझर म्हणजे सायन्यूरिक ॲसिड बघा. ते अजिबात नसेल तर कडक उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. पण जास्त झालं तर ते क्लोरीनला धरून ठेवतं, किटवर आकडा दिसतो पण मारायची ताकद कमी. उघड्यावरच्या पूलला ३० ते ५० पीपीएम ठीक. फ्री क्लोरीन निदान त्याच्या साडेसात टक्के पाहिजे असा साधा हिशोब ठेवा: स्टॅबिलायझर ३० तर सव्वादोन, ५० तर पावणेचार, ८० तर ६ पीपीएम. आणि हे किमान आहे, सगळीकडे मिसळणाऱ्या पाण्याचं. आपल्याकडे कोपऱ्यात कमी पोचतं, म्हणून घरच्या पूलला याच्यावर एक-दोन पीपीएम राखीव ठेवा म्हणजे कोपऱ्यातही किमान तेवढं राहील. सार्वजनिक पूल असेल तर तिथले आरोग्याचे नियम जे सांगतात त्या मर्यादेत राहूनच.

इथेच त्या मोठ्या पांढऱ्या गोळ्यांची गंमत आहे. या ट्रायक्लोर नावाच्या क्लोरीनच्या गोळीत स्टॅबिलायझर आतच असतं. ७५,००० लिटरच्या पूलमध्ये २०० ग्रॅमची एक गोळी साधारण २.४ पीपीएम क्लोरीन देते आणि सोबत जवळपास दीड पीपीएम स्टॅबिलायझर. क्लोरीन संपतं, स्टॅबिलायझर संपत नाही. रोज एक गोळी टाकली तर महिन्याभरात ४० पीपीएमच्या वर साठतं, मग दुसऱ्या महिन्यात तेवढंच क्लोरीन असून शेवाळ यायला लागतं आणि लोक म्हणतात गोळ्या डुप्लिकेट आहेत. ते खाली आणायला थोडं पाणी काढून नवीन भरण्याशिवाय सोपा उपाय नाही. म्हणून रोजच्यासाठी लिक्विड क्लोरीन बरं, त्यात हे लफडं नाही. १० टक्केवालं असेल तर ७५,००० लिटरला १ पीपीएम वाढवायला साधारण पाऊण लिटर लागतं. ते उन्हात पडून राहिलं की कमजोर होतं, तेव्हा साठा करून ठेवू नका.

टाकायचं संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, पंप चालू असताना. नेहमीचा भाग नोझलच्या धारेसमोर हळूहळू ओता. पण खुणेच्या जागांसाठी बादलीत पूलचं पाणी घ्या, त्यात थोडं लिक्विड क्लोरीन घाला, पाण्यात औषध घालायचं, औषधावर पाणी नाही, आणि त्या कोपऱ्यात काठाकाठाने सोडा आणि लगेच ब्रशने ढवळून टाका. ढवळायचं विसरलात तर जड द्रावण तळाशी बसतं आणि लायनरवर पांढरा डाग पाडतं. तरंगत्या डब्यातल्या गोळ्यांचं पण हेच, तो डबा वाऱ्याने जाऊन नेमका साचलेल्या कोपऱ्यात बसतो आणि तिथला रंग खातो, त्याला दोरीने मधे बांधा. गोळ्या स्किमरमध्ये तर टाकूच नका, पंप बंद असताना तिथे ॲसिडचं पाणी साचतं आणि पुढच्या वेळी सगळं पाइपात जातं. आणि हे नीट वाचा: ट्रायक्लोरच्या गोळ्या आणि कॅल्शियम हायपोची (दुसऱ्या प्रकारच्या क्लोरीनची) पावडर एकत्र येता कामा नये, एकाच भांड्यात, एकाच मापाने, काही नाही, आग लागू शकते, स्फोट होऊ शकतो. ॲसिड आणि क्लोरीन एकत्र केलं की विषारी वायू. प्रत्येकाचं माप वेगळं ठेवा.

पीएच ७.२ ते ७.६ च्या आसपास ठेवा, जास्त चढला की क्लोरीन आळशी होतं.

अल्जीसाइड आणि फॉस्फेट रिमूव्हर यांच्याबद्दल माझं मत थोडक्यात: चालतील, पण शेवटी. तांब्याचं अल्जीसाइड जास्त झालं की डाग पडतात आणि फिक्या रंगाचे केस हिरवे होतात, साधं स्वस्त क्वाटवालं (अमोनियमच्या क्षारांचं) फेस करतं, त्यातलाच पॉलीक्वाट ६० हा प्रकार बरा, ते आठवड्याला थोडं थोडं दिलं तर क्लोरीन कधी चुकून कमी पडलं तरी सांभाळून घेतं. पण कोपऱ्यात क्लोरीन पोचत नाही तिथे हेही पोचत नाही, ब्रश आणि बादली शेवटी लागतेच.

शेवाळ सुरू झालंय का, ते आधी कसं कळणार

पाणी अजून स्वच्छ आहे पण मनात शंका आहे तर रात्रीची टेस्ट करा. सूर्य मावळल्यावर फ्री क्लोरीन मोजा, रात्रभर पंप चालू, काही टाकायचं नाही, आणि सकाळी ऊन पडायच्या आधी परत मोजा. ऊन नसताना १ पीपीएमपेक्षा जास्त कमी झालं तर पाण्यात काहीतरी क्लोरीन खातंय, बहुधा डोळ्याला न दिसणारं शेवाळ. आपल्या पूलला ही टेस्ट खुणेच्या जागीपण करा, उरलेल्या पूलमध्ये अर्धा आणि कोपऱ्यात दीड-दोन कमी झालं तर उत्तर समोरच आहे. अशा वेळी हिरवं व्हायची वाट न बघता क्लोरीन वाढवा, रोज घासा, आणि रात्रीची घट १ च्या आत येईपर्यंत थांबू नका, मधेच पाणी छान दिसतंय म्हणून सोडलं की आठवड्यात परत येतं. वाढवलेलं असताना पोहणं बंद, आकडा नेहमीच्या पातळीवर आला की मगच पाण्यात.

जोराचा पाऊस पडून गेला की त्याच संध्याकाळी टेस्ट करा, पावसाचं पाणी क्लोरीन पातळ करतं आणि माती-पानं आणतं. बाहेरगावी जायचं असेल तर पूल झाकून ठेवा, आणि झाकण उजेड अडवणारं घ्या, पारदर्शक बुडबुड्यांचं झाकण पाणी गरम करतं आणि उजेड पण आत सोडतं, शेवाळाची चांगली सोय होते.

काही जागा सगळेच विसरतात. शिडीच्या पोकळ नळ्यांमधलं पाणी, स्किमरच्या झडपेची मागची बाजू, पाण्यातल्या दिव्याच्या कडेची फट, फुगवायची खेळणी, आणि ज्या ब्रशने हिरवं घासलं तो ब्रश. पिवळसर शेवाळ विशेषतः असंच टिकून राहतं, भिंतीवरचं मारता आणि ब्रशच्या केसांत बसलेलं पुढच्या आठवड्यात परत पसरवता. क्लोरीन वाढवलेलं असेल तेव्हा ब्रश, जाळी, व्हॅक्यूमचा पाइप आणि धुवून घेतलेली प्लास्टिकची खेळणी तशीच पाण्यात बुडवून ठेवा, शिडी काढता येत असेल तर काढून नळ्यांत पूलचंच पाणी दोन-तीनदा भरून ओता, आणि दिव्याची फट बारीक ब्रशने घासा, तीही वीज बंद करून.